हिरो मास्तर झाला, तर बिघडलं कुठे?

(आधीच सांगून ठेवते: पुढे स्पॉयलर आहेत आणि तेही शेवटाचे. नंतर भांडायला येऊ नका.)

रविवारी रात्री साडेआठ. ताट वाढलेलं, आई दुसऱ्यांदा हाक मारतेय आणि तुमचा अंगठा मोबाइलवर नुसता रिफ्रेश करतोय. जपानमध्ये तेव्हा रात्रीचे बारा वाजून सोमवार सुरू झालेला असतो आणि 'शोनेन जम्प' साप्ताहिकातले नवे चॅप्टर शुएशा या प्रकाशनाच्या 'मांगा प्लस' अ‍ॅपवर येतात. हॉस्टेलवर राहत असाल तर शेजारच्या खोलीतून 'अरे, हे काय केलं यार!' असा आवाजही ऐकला असेल. 2024 मध्ये तो जरा जास्तच ऐकू आला, कारण ते वर्ष शेवटांचं होतं. 5 ऑगस्टला 'माय हिरो अ‍ॅकॅडेमिया' दहा वर्षांनी, 430 चॅप्टरनंतर संपली. 30 सप्टेंबरला 'जुजुत्सु कायसेन' 271व्या चॅप्टरवर थांबली. नोव्हेंबरमध्ये 'ओशी नो को' आटोपली. तिन्ही वेळा आपल्या ग्रुपवर निकाल एकच लागला: शेवट गंडला.

मीही तेच म्हटलं होतं. आता तिन्ही पुन्हा वाचल्यावर वाटतंय, की सगळे राग एकाच मापाने मोजून चालणार नाही.

डेकू 'फुकट गेला' म्हणजे काय?

'माय हिरो'चं जग माहीतच असेल. शंभरातल्या ऐंशी जणांकडे काही ना काही सुपरपॉवर आणि आपला इझुकू मिदोरिया, म्हणजे डेकू, जन्मतःच कोरा. त्याला ऑल माइट आपली शक्ती देतो. शेवटच्या युद्धात जग वाचवताना ती खर्ची पडते. आठ वर्षांनी डेकू काय करतोय? ज्या शाळेत शिकला, तिथेच शिकवतोय.

यावर इंटरनेटवर मीम्सचा पाऊस पडला. डेकूला बर्गरच्या काउंटरवर उभा केला, 'लूजर' ठरवला. मीही एकदोन फॉरवर्ड केली, नाही कशाला म्हणू? पण जरा थांबून विचार करा. जग वाचवलेला माणूस मुलांना शिकवतो, यात हरला कोण? मांगात त्याला कुणीही हिणवत नाही. त्याला अपयशी ठरवणारे आपण आहोत. मित्र टॉपला गेले आणि हा पगारी नोकरी करतो, एवढाच आपला हिशोब. कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालतो तोच.

गंमत म्हणजे, हे आपण अशा महाराष्ट्रात बसून म्हणतो जिथे शिक्षक व्हायला टीईटी द्या, टेट द्या, मग पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसा. तुमच्याच बॅचमधलं कुणीतरी आत्ता त्या रांगेत असेल. डेकूला हसताना तो मित्र आठवतो का?

माझी खरी तक्रार उलटी आहे. त्याच चॅप्टरमध्ये मित्र पैसे जमवून डेकूसाठी यांत्रिक सूट तयार करून घेतात आणि तो पुन्हा हिरो होतो. लेखक कोहेई होरिकोशी तिथे बिचकले, असं मला वाटतं. पुढे डिसेंबर 2024 मध्ये 42व्या खंडात एक जादा चॅप्टर आला आणि त्यात डेकू-ओचाकोचं राहिलेलं नातंही मार्गी लावलं. छान वाटतं वाचायला. पण नुसता शिक्षक असलेला डेकू त्या सगळ्यापेक्षा धाडसी होता.

गोजोचं दुःख मात्र खरं

'जुजुत्सु'वरचा राग मला पटतो. सप्टेंबर 2023 मधल्या 236व्या चॅप्टरमध्ये गोजो सातोरू मेला. मरण्याला हरकत नाही, त्या मांगात कुणीही मरू शकतं हे आधीच कळलं होतं. पण सगळ्यात ताकदवान माणसावरचा शेवटचा घाव आपल्याला दिसलाच नाही. आणि नंतरच्या पस्तीस चॅप्टरमध्ये त्याच्या विद्यार्थ्यांना धड रडायलाही वेळ मिळाला नाही. एक लढाई संपली की दुसरी. घरातलं माणूस गेल्यावर लगेच सगळे कामाला लागले तर कसं चमत्कारिक वाटेल, तसं वाटत राहतं.

हे असं का झालं, याचं उत्तर फक्त लेखकाकडे नाही, छापखान्याच्या घड्याळातही आहे. साप्ताहिक मांगा म्हणजे दर आठवड्याला साधारण 19 पानं. कथा, चित्रं, सगळं. वर 'जम्प'मध्ये वाचकांच्या मतपत्रिका येतात आणि मालिका टिकणार की बंद होणार, हे ठरवताना त्या मोजल्या जातात. गेगे आकुतामींनी 2021 मध्ये तब्येतीसाठी सुट्टी घेतली होती. 'वन पीस'च्या एइचिरो ओदांनी 2023 मध्ये डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चार आठवडे काम थांबवलं. 'हंटर × हंटर'चे योशिहिरो तोगाशी कंबरदुखीमुळे वर्षानुवर्षं अडखळत लिहितायत.

आणि आपण? रविवारपर्यंतही दम धरत नाही. बुधवार-गुरुवारपासून फुटलेली पानं शोधत फिरतो. या पानफोडीवरून 2024 मध्ये जपानमध्ये दोघांना अटकही झाली. मी साधू नाही, बारावीत अर्धीअधिक मांगा मी चोरट्या साइटवरच वाचली. पुस्तकांच्या किमती पॉकेटमनीला झेपत नाहीत, हेही खरंच. पण 'मांगा प्लस'वर सुरुवातीचे आणि ताजे चॅप्टर फुकट आणि कायदेशीर मिळतात, तरी आपण फुटलेलंच वाचतो. तेव्हा 'घाईत संपवलं' म्हणताना त्या घाईत आपलाही वाटा आहे, एवढं मान्य करू या.

शेवट माहीत असूनही

आता दुसऱ्या शेल्फकडे वळू. सुझान कॉलिन्सची 'सनराइज ऑन द रीपिंग' मार्च 2025 मध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत 15 लाख प्रती गेल्या. 'हंगर गेम्स'मधला दारुडा हेमिच तरुणपणी पन्नासावे खेळ कसे जिंकला, याची ही गोष्ट. तो जिंकणार हे पहिल्या पानाआधीच माहीत, तरी पुस्तक खाली ठेवलं जात नाही. कारण 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिसने त्या खेळांचं जे रेकॉर्डिंग पाहिलं, ते सरकारने कापून-जोडून तयार केलेलं होतं, हे इथे कळतं. सोळा वर्षं आपणही ती एडिट केलेली क्लिप खरी मानत होतो! मास कॉमच्या वर्गात एडिटिंग शिकताना मला जे कुणी इतकं टोचून सांगितलं नाही, ते या कादंबरीने सांगितलं. दोष आहेत. जुन्या मालिकेतलं प्रत्येक पात्र हजेरी लावून जातं, ते अती होतं. पण कॉलिन्स दोन पुस्तकांमध्ये पाच वर्षं थांबल्या, आणि ते जाणवतं.

याउलट लॉरेन रॉबर्ट्सची 'पॉवरलेस'. टिकटॉक आपल्याकडे 2020 पासून बंद, म्हणून आपण ती रील्सवर बघून घेतली. शक्तिवान लोकांच्या राज्यात शक्ती नसलेली मुलगी, जीवघेण्या स्पर्धा, दोन राजपुत्र. आधी दुश्मनी, मग प्रेम. मी एका रात्रीत संपवली आणि आठवड्याभरात नावंही विसरले. ती वाईट नाही हो, पण 'हंगर गेम्स'ची चव सारखी तोंडात येते. पुस्तक कशाबद्दल आहे यापेक्षा त्यात कुठला फॉर्म्युला आहे, यावर ते विकलं जातंय. डेकू शिक्षक झाल्यावर आपण भडकलो, त्याचं मूळ मला इथे दिसतं. फॉर्म्युला ऑर्डर केला होता, वेगळंच ताट आलं.

म्हणूनच 'फ्रीरेन' मला सध्या सगळ्यात जवळची वाटते. कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांची ही मांगा राक्षसराजाला हरवून झाल्यावर सुरू होते. हजारो वर्षं जगणाऱ्या फ्रीरेनसाठी सोबत्यांबरोबरची दहा वर्षं म्हणजे चुटकीसरशी गेलेला काळ. पुढे हिमेल म्हातारा होऊन जातो, तेव्हा तिला रडू येतं, कारण त्याला नीट ओळखून घ्यायचं राहूनच गेलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये हे वाचा, मग बोलू.

आणि हे सगळं फक्त जपानी किंवा इंग्रजीतच सापडतं, असंही नाही. 1963 मधल्या 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि पदवीविना गावी परततो. तोही त्या मीमवाल्यांच्या हिशोबात 'फुकट गेलेला'च. तरी साठ वर्षांनंतरही कॉलेजातली मुलं त्याला शोधत लायब्ररीत जातात. पण 'किशोर' मासिकाचं वय सरल्यावर आणि 'कोसला' हातात येण्याआधी, म्हणजे चौदा ते अठराच्या मधे, मराठीत वाचायला काय, असं विचारलं तर मी अडखळते. ती जागा आज मांगाने घेतलीय, आणि मांगा मराठीत मिळत नाही.

तर या रविवारी एक करून बघा. ज्या शेवटावर सगळ्यात जास्त भडकला होतात, ते शेवटचे तीन चॅप्टर पुन्हा वाचा. कमेंट्स न उघडता. राग तसाच राहिला, तर लेखकाचं चुकलं असेल. कमी झाला, तर तेव्हा नेमकं काय हवं होतं आपल्याला, तेही आठवून बघा.