दुखणं अंगावर काढणं

आपल्याकडे दुखणं अंगावर काढणाऱ्याचं फार कौतुक. "एवढा ताप होता, पण कध्धी झोपून राहिली नाही हो!" हे आमच्या पिढीतल्या बायकांना मिळालेलं मोठंच प्रशस्तिपत्रक. सर्दी-पडशापुरतं ते ठीक आहे. पण स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूपुढे हे कौतुक जिवावर बेतू शकतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा जिवाणू तसा ओळखीचाच. शाळकरी मुलांचा घसा धरतो तो हाच. कित्येकांच्या घशात तर तो काही त्रास न देता राहतो. मग एखाद्यालाच दोन दिवसांत अत्यवस्थ का करतो? उत्तर बरंचसं त्याच्या विषांत आहे. शिकागोच्या जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर दांपत्याने १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की स्कार्लेट फीवरमध्ये अंगभर उठणारं लाल पुरळ या जिवाणूने सोडलेल्या विषामुळे येतं.

यातल्या काही विषांना आज 'सुपरअँटिजेन' म्हणतात. एरवी शरीरात शत्रू शिरला, तर हजारो टी-पेशींतली एखादीच जागी होते. ही विषं मात्र पाचातली एक जागी करू शकतात! भर जत्रेत "आग लागली" अशी खोटी आवई उठावी आणि चेंगराचेंगरीतच माणसं जावीत, तसं. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून नुसते जिवाणू मारून भागत नाही. डॉक्टर पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, ते विष तयार होणंच रोखण्यासाठी.

'मपेट्स' या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन. मे १९९० मध्ये घसा दुखतोय, थकवा आहे, एवढंच निमित्त झालं. १५ तारखेच्या पहाटे न्यूयॉर्कच्या इस्पितळात दाखल केलं आणि चोवीस तासांच्या आत तो गेला. वय अवघं ५३. तिथे डॉक्टरांची, औषधांची वाण नव्हती. वेळ मात्र हातातून गेली होती.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक खोकल्याला दवाखाना गाठायचा? मुळीच नाही. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते, आपोआप बरी होते. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून घेणं तर त्याहून वाईट.

पण काही खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. वरून फारसं काही दिसत नाही, तरी वेदना असह्य. लाली तासातासाला पसरतेय. तापासोबत चक्कर, असंबद्ध बोलणं, लघवी कमी. जखमेनंतर किंवा कांजिण्यांनंतर असं झालं, तर अधिकच जपायला हवं. अशा वेळी "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. रात्रीचे दोन वाजले असले, तरी रिक्षा बोलवा आणि इस्पितळ गाठा.

आणि घरातल्या बायकांनो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का!