कोपरपासून दोन विमानतळ

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि डोंबिवलीजवळच्या कोपरकरांपुढे प्रथमच दोन पर्याय आले. नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईचा सहार विमानतळ काय आणि नवी मुंबईचा उलव्याचा काय, दोन्ही कोपरपासून सरळ रेषेत साधारण पंचवीस किलोमीटरवर येतात. तिकीट काढताना मात्र या आकड्याचा उपयोग नाही. घरातून किती वाजता निघायचे हे जिथे भरवशाने ठरवता येते, तोच विमानतळ जवळचा; आणि या कसोटीवर आज सहार पुढे आहे. कोपरहून धीमी लोकल, घाटकोपरला मेट्रो 1, मरोळ नाक्याला मेट्रो 3, की प्रवासी थेट टर्मिनल 2 च्या स्थानकात उतरतो. गर्दीत बॅगा सांभाळाव्या लागतात, पण एक गाडी चुकली तर मागोमाग दुसरी असते.

उलव्याला जायचे तर हाच प्रवासी आधी ठाण्याला जातो, ट्रान्सहार्बरने दक्षिणेला येतो आणि मग विमानतळाची वाट धरतो. एवढा वळसा कशासाठी? कोपरला मुख्य मार्गाच्या डोक्यावरूनच वसई-पनवेल मार्ग जातो. त्यावरच्या अप्पर कोपर स्थानकातून निळजे, तळोजा, कळंबोली करत गाडी विमानतळाजवळच्या पनवेलला पोहोचते. पण इथे दिवसाकाठी मोजक्याच मेमू थांबतात. बॅग घेऊन जिना चढेपर्यंत गाडी सुटली, तर पुढच्या गाडीची वाट पाहण्यात विमान हुकते. रूळ आहेत, स्थानक आहे, फक्त फेऱ्या नाहीत.

यावर पहिला आक्षेप मालगाड्यांचा. जेएनपीए बंदराचे कंटेनर याच मार्गाने जातात, मग लोकलला जागा कुठून मिळणार? अडचण खरी आहे. पण पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गही याच पट्ट्यातून जेएनपीएपर्यंत आखलेला आहे. त्याने भार हलका झाल्यावर जी वेळ मोकळी होईल, ती प्रवाशांसाठी राखण्याचा निर्णय आजच घेता येतो. दुसरा आक्षेप असा की कल्याण-तळोजा मेट्रो 12 येतेच आहे. ती हवीच, पण तिची वाट डोंबिवलीच्या पूर्वेकडून आहे. कोपर तिच्या वाटेवर नाही. तिसरा आक्षेप म्हणजे, विमानाने जाणारे टॅक्सी करतील. परंतु कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत टॅक्सीही अडकते. शिवाय सामान चढवणारे, सफाई करणारे, सुरक्षा सांभाळणारे रोज पाळीवर येतात, त्यांना टॅक्सी कशी परवडणार? तळोज्याच्या कारखान्यांतले कामगारही याच मार्गावरचे आहेत.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलने 1975 मध्ये शहराबाहेर दूर मिराबेल विमानतळ उघडला. ठरलेली वेगवान रेल्वे झालीच नाही, शहराजवळचा जुना विमानतळ सुरूच राहिला आणि 2004 मध्ये मिराबेलची प्रवासी विमानसेवा बंद पडली. मुंबई महानगराची गरज मोठी असल्याने नवी मुंबईवर ती वेळ येईल असे नाही. पण पोहोचायची सोय नसेल तर धावपट्टी पुरत नाही, हे तिथे दिसले. सहार आणि उलवे जोडणारी सुमारे 35 किलोमीटरची मेट्रो 8 आखली गेली आहे, तिला वर्षे लागतील. अप्पर कोपरहून पनवेलला पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरावीक अंतराने गाडी आणि पनवेलहून तिच्या वेळेला जुळणारी बस, एवढे त्याआधी करता येईल. ठाणे जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी रेल्वेकडे हीच मागणी आधी लावून धरावी.