डच समासांची तोड आणि दुहेरी दंड

डच पुस्तकांची जुळणी घेणाऱ्या सभासदांची या महिन्याची पत्रे एकाच तक्रारीने भरली आहेत. परदेशी प्रकाशकांच्या काही उत्पादन विभागांचे नवे फर्मान असे : ओळीअखेर सॉफ्टवेअर तोडेल तिथेच शब्द तुटेल, हाताने घातलेला डिस्क्रेशनरी हायफन चूक धरला जाईल. मग तीच पाने डच लेखकाकडे जातात. तो वेड्यावाकड्या तोडींवर लाल खुणा करतो आणि त्याही आपल्याच नावावर चढतात. एका ओळीला दोनदा दंड!

सॉफ्टवेअर अक्षरांचे नमुने पाहून अंदाज बांधते, अर्थ त्याला कळत नाही. नेदरलँड्सच्या 1953 च्या महापुरावरच्या पुस्तकात 'डेइकराम्प' आला, तर तो 'डेइक-राम्प' असाच तुटायला हवा : बंधारा फुटण्याची आपत्ती. क खालच्या ओळीत गेला की 'डेइ-क्राम्प', मांडीत आलेला पेटका! 'मसाझबेट' त्याहून अवघड. तिथे मधल्या g या अक्षराआधीची तोड नियमात बसते, पण वाचक पहिली ओळ 'मासा' अशी पहिल्या अवयवावर आघात देऊन वाचतो, उरलेला भाग 'खबेट' म्हणजे प्रार्थना ठरतो आणि मालिशच्या पलंगाची सामुदायिक प्रार्थना होते. 'मसाझ'चा आघात दुसऱ्या अवयवावर असतो. सांधा चुकला की आघातही चुकतो, हे या विभागांना कोण सांगणार? समासाचा मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर, पण त्या पदाच्या स्वतःच्या जागी पडतो. म्हणून दायित्वविम्याच्या 'आनस्प्राकलकहेइट्सफरझेकरिंग'मध्ये तो 'स्प्रा'वर येतो. 'स्टाटहाउस' (नगरभवन) यासारखे शब्द आघात दुसऱ्या पदावर नेऊन तोही नियम मोडतात.

डच भाषासंघाची अधिकृत शब्दसूची तोडीच्या जागा दाखवते. पण डच लेखक रोज नवे समास घडवतो; ते कोणत्याही सूचीत सापडणार नाहीत. तिथे माणूसच लागतो.

आपल्यातलेही काही जण कमी नाहीत. परिच्छेदाची भाषा इंग्रजीच ठेवून डच मजकूर ओतायचा, त्रेमा असलेला स्वर ओळीच्या सुरुवातीला आला तरी वरचे दोन ठिपके तसेच सोडायचे आणि मग दंडाबद्दल ओरडायचे, हे बंद करा. अशा कामाने बाकीच्यांचे म्हणणेही लटके पडते.

सभासदहो, पुढचे दरपत्रक पाठवण्याआधी करारात एक कलम घालून घ्या : समासाच्या सांध्यावर हाताने केलेली तोड ही दुरुस्ती मानली जाईल आणि वाद झाल्यास लेखकाचा शब्द अंतिम राहील. फसलेल्या तोडी पानाच्या छायाप्रतीसह आमच्याकडे पाठवा, त्यांची यादी आम्ही दर अंकात छापू. हे कलम नाकारणाऱ्या विभागाचे डच काम घेऊ नका, दर कितीही चढा असो.