अक्काचे घोरणे

घरात कुणी घोरू लागले की आपल्याकडे पहिल्यांदा कुंभकर्णाची आठवण निघते. पुरुष घोरला तर 'दिवसभर राबतो बिचारा' म्हणून चालून जाते. बाई घोरली की हशा पिकतो, आणि दुसऱ्या रात्री ती शरमेने भिंतीकडे तोंड करून झोपते. माझी अक्का पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा आमच्या घरीही हेच झाले. 'पिठाची गिरणी सुरू झाली' असे म्हणून सर्वांत आधी हसलो तो मीच, हे प्रथम कबूल करतो.

तेव्हा माझी परीक्षा जवळ आली होती. रात्री दीड-दोनपर्यंत न जुळणारा ताळेबंद घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसे. अक्काचे घोरणे चढत जाई आणि एकदम थांबे. सारे घर चिडीचूप. मी घड्याळ लावून पाहिले: कधी बारा सेकंद, कधी पंधरा. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तशी ती मोठ्याने श्वास ओढी, कूस बदली, आणि पुन्हा तेच. सकाळी तिचे डोके दुखे. दुपारी भाकरी थापता थापता डोळे मिटत. आजी म्हणे, "पोटुशीला झोप येणारच." आजीचे अगदीच चूक नव्हते, पण रात्री नऊ तास झोपलेली बाई तव्यासमोर का पेंगते, हा हिशेब मला जुळेना.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा पुढचे सगळे विचारून आणि वाचून कळलेले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींच्या बाबतीत इतके की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद वा अधिक श्वास अडला की तो एक खंड धरतात. तासाला असे पाच किंवा जास्त खंड पडले की त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, पण सकाळी त्यातले काही आठवत नाही. गरोदरपणी नाकातले अस्तर सुजते, वजन वाढते, वाढते गर्भाशय छातीखालच्या पडद्याला वर रेटते. त्यामुळे कधी न घोरणारीही घोरू लागते. अमेरिकेतील तीन हजारांवर पहिलटकरणींची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत झोपेतल्या श्वासाचा बिघाड सुरुवातीच्या महिन्यांत शेकडा ३.६ आणि मधल्या महिन्यांत शेकडा ८.३ जणींत आढळला. ज्यांच्यात तो आढळला त्यांना गरोदरपणातला मधुमेह, आणि रक्तदाब वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, इतरांपेक्षा अधिक झाला. प्रत्येक घोरणे म्हणजे आजार नव्हे, हे खरे. पण प्रत्येक घोरणे म्हणजे विनोदही नव्हे.

तपासणीच्या दिवशी मी दुभाष्या म्हणून गेलो. आईचे कन्नड जेमतेम, नर्सबाईंचे मराठी जेमतेम. कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पायाची सूज, सगळ्यांना रकाने होते, झोपेला नव्हता. मी चाचरत 'गोरके' म्हणालो, आणि नर्सबाई हसल्या. आपल्या दोन भाषांचे इतर बाबतीत जुळो न जुळो, बाईच्या घोरण्यावर हसण्यात पूर्ण एकमत आहे! डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी रक्तदाबही वाढलेला निघाला होता. त्यांनी अक्काला विचारले, "झोपेत श्वास थांबतो का?"

"मला काय माहीत? मी झोपलेली असते," अक्का म्हणाली.

माझे सारे म्हणणे एवढ्यात आले. या दुखण्याची साक्ष खुद्द रोग्याला देता येत नाही. ती शेजारी झोपणाऱ्यानेच द्यायची. आणि आपल्याकडे तो साक्षीदार दवाखान्याबाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. दाजींना विचारले तर म्हणाले, "तीन महिने ऐकतोय की. पण बायकांच्या तपासणीत हे काय सांगायचे?" मला राग आला, पण गिरणीचा विनोद माझाच होता, म्हणून गप्प बसलो. झोपेच्या तपासणीचे यंत्र सगळीकडे नसेल, ते महागही असेल. पण 'ही घोरते का, मध्ये श्वास अडतो का' हे सोबत आलेल्या माणसाला विचारायला काय खर्च येतो? कार्डावर एक रकाना वाढला तर छपाईचा खर्चही वाढणार नाही, एवढे कॉस्टिंग मलाही येते.

अक्काची एका रात्रीची तपासणी झाली. कुशीवर झोपायला सांगितले, आणि नाकावर मुखवटा बसवून हवा देणारे यंत्र आले. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला. पहिल्या रात्री तो मुखवटा पाहून आजीने देवापुढे दिवा लावला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू राहिल्या. यंत्राने त्या सुटल्या नाहीत. पण दुपारचे पेंगणे गेले.

पुढच्या तपासणीला दाजी आले होते. नाव पुकारल्यावर सवयीने बाकाकडे वळले, मग थबकले, आणि चपला काढून आमच्या मागोमाग आत शिरले. नर्सबाईंनी मला कन्नडमध्ये विचारले, "ह्यांचे काय काम?"

मी म्हणालो, "रात्रीचे सांगायचे आहे."