ग्रुपवर टाकलं होतं ना!

परवा आमच्या ऑफिसात एका नवीन मुलीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. काम द्यायची तारीख दोन दिवस अलीकडे आली होती आणि तिला पत्ताच नव्हता. साहेबांचं एकच पालुपद, "अगं, ग्रुपवर टाकलं होतं ना!" टाकलं होतं, खरंय. शनिवारी रात्री पावणेअकराला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या वीसपंचवीस केकांखाली. मी तिथेच होतो, आणि गप्प बसलो. ते टोचतंय म्हणून हे लिहितोय.

माझ्या मते सध्या नोकरीतलं सगळ्यात लबाड वाक्य हेच. पूर्वी निरोप पोचवायची जबाबदारी सांगणार्‍यावर असे. आता एक ओळ टाकली की त्याचे हात मोकळे. ती शोधायची ऐकणार्‍याने, आणि चुकली तर पापही त्याचंच!

मी काही चॅटचा शत्रू नाही हो. नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात याहू मेसेंजरला बंदी होती, तरी आम्ही तो चोरून चालवायचो. २०१८ साली तो कायमचा बंद झाला तेव्हा चक्क वाईट वाटलं होतं.

पण या सगळ्याचं मूळ बघा. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने १९८८ साली आयआरसी बनवलं. ते म्हणजे आजच्या ग्रुपचे पणजोबा. तिथे तुम्ही खोलीत शिरायचं, बोलायचं, निघून जायचं. तुमच्या माघारी झालेलं बोलणं सर्व्हर तुमच्यासाठी साठवून ठेवत नसे. म्हणजे गैरहजर माणूस गैरहजरच धरला जाई. आजचा ग्रुप सगळं जपून ठेवतो, म्हणून आपण कायम हजर धरले जातो. जेवताना, झोपेत, रविवारीसुद्धा.

"पण कामं पटापट होतात की!" होतात ना. सर्व्हर झोपला की ग्रुपसारखा तारणहार नाही. पण तारीख बदलणं हा निर्णय आहे. तो ज्याचा त्याला नाव घेऊन सांगायला हवा.

कामाचे तास संपल्यावर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं २०१८चं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, त्याचा काही कायदा झाला नाही. असो. एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला हवा? एकच नियम पुरे : समोरून 'कळलं' असं उत्तर आलं नाही, तर निरोप पोचला नाही. दोष टाकणार्‍याचा.

(घरच्या मंडळींनो, हे तुम्हालाही लागू. मावशीच्या ऑपरेशनची तारीख मलाही अशीच ग्रुपवर 'कळवली' होती. मी पोचलो तो डिस्चार्जच्या दिवशी.)

सोमवारी साहेबांना हे सांगणार आहे. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, समोर बसून. ग्रुपवर नाही.