ग्रीन्सबर्ग : माळावरील विहिरीचे गाव

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात दृष्टी पोहोचेल तिथवर सपाट माळ पसरलेला आहे. या गवताळ प्रदेशाला तिकडे प्रेअरी म्हणतात. गव्हाची शेते, धान्य साठविण्याचे उंच मनोरे आणि अखंड वाहणारा वारा, एवढेच तिथे प्रवाशाच्या नजरेस पडते. विचिटा शहरातून ५४ क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेस सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गेल्यावर ग्रीन्सबर्ग लागते. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या अवघी ७४०. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हटले जाईल. परंतु कायोवा काउंटीचे, म्हणजे एका छोट्या जिल्ह्याचे, हे मुख्य ठिकाण आहे.

गाव वसले १८८० च्या दशकात. घोडागाड्यांची प्रवासी वाहतूक चालविणाऱ्या डी. आर. ग्रीन नामक व्यावसायिकावरून त्याला नाव मिळाले. भरधाव गाड्यांमुळे या गृहस्थाला 'तोफगोळा' असे टोपणनाव पडले होते. पुढे आगगाडी आली आणि घोडागाड्यांचे दिवस संपले. वाफेचे इंजिन म्हणजे त्या काळी पाण्याचे मोठे गिऱ्हाईक. जवळ नदी नाही, तेव्हा पाणी जमिनीतूनच काढणे भाग होते. १८८७ मध्ये विहिरीचे काम सुरू झाले. शेतकरी, गुराखी आणि वाटसरू मजूर रोजंदारीवर कुदळ-फावडे घेऊन खाली उतरले. माती ढासळू नये म्हणून लाकडी आधार देत खोदाई चालली. आतील बांधकामाचे दगड बारा मैलांवरील नदीकाठाहून गाड्यांनी आणले गेले. १८८८ मध्ये विहीर पुरी झाली तेव्हा ती १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद होती. खर्च सुमारे ४५,००० डॉलर आला.

जगातील हाताने खोदलेली सर्वांत मोठी विहीर, असा गावाचा दावा आहे. साताऱ्याजवळची लिंब येथील बारा मोटेची विहीर पाहिलेल्या वाचकाला हा दावा निमूटपणे मान्य करणे जड जाईल. ते असो. १९३२ पर्यंत गावाने या विहिरीचे पाणी वापरले. पुढे तिची गरज उरली नाही. तथापि कामातून गेलेली मालमत्ता वहीतून काढून टाकण्याची घाई गावाने केली नाही. १९३९ पासून ती प्रवाशांना पाहण्यासाठी खुली झाली आणि पाणी संपल्यावरही विहीर गावाला उत्पन्न देत राहिली.

दुसरे आकर्षण आकाशातून आलेले. याच परिसरात १८८० च्या दशकात एलायझा किम्बर्ली या शेतकरी गृहिणीला शेतात काळे, विलक्षण जड दगड सापडू लागले. हे उल्कापाषाण आहेत अशी तिची खात्री होती. शेजारी हसत, तरीही ती दगड गोळा करून अंगणात रचत राहिली आणि जाणकारांना पत्रे लिहीत राहिली. अखेर १८९० मध्ये वॉशबर्न महाविद्यालयाचे प्राध्यापक क्रेगिन आले आणि त्यांनी त्यातील काही दगड रोख पैसे मोजून विकत घेतले. त्या पैशांतून किम्बर्ली कुटुंबाने आपली जमीन वाढविली असे सांगितले जाते. पुढे १९४९ मध्ये याच भागात सुमारे हजार पौंडांचा उल्कापाषाण मिळाला, तो विहिरीशेजारील संग्रहालयात ठेवला गेला.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास पावणेदोन मैल रुंदीचा टोर्नेडो गावावरून गेला. भोंगे वेळेवर वाजले होते, लोक तळघरांत उतरले होते. तरी गावातील अकरा जणांचे प्राण गेले. सुमारे ९५ टक्के गाव सपाट झाले. धान्याचा मनोरा तेवढा उभा राहिला.

गाव पुन्हा तिथेच वसवावे की नाही, हा प्रश्न होता. वसवायचेच, आणि ऊर्जा वाचविणारे वसवायचे, असे ठरले. नगरपालिकेच्या चार हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींनी पर्यावरणपूरक बांधकामाचे 'लीड प्लॅटिनम' हे सर्वोच्च मानांकन मिळविलेच पाहिजे, असा ठराव परिषदेने त्याच वर्षी केला. शाळा, रुग्णालय, नगरभवन नव्याने उभे राहिले. ज्या वाऱ्याने गाव मोडले, त्याच माळावर आता १० पवनचक्क्यांची साडेबारा मेगावॅटची वीजनिर्मिती चालते. लहान व्यावसायिकांना माफक भाड्यात गाळे मिळावेत म्हणून एक सामाईक इमारत बांधली गेली. घरे अजून पडलेली असताना दुकानांची सोय पाहणे हे शहाणपणाचेच म्हटले पाहिजे, कारण किराणा मिळत नाही त्या गावी कुटुंबे परतत नाहीत.

परंतु दुकानाला गिऱ्हाईकही लागते. २००० साली गावात १,५७४ लोक होते. २०१० च्या जनगणनेत ७७७ भरले. अनेक घरे जुनी होती, त्यांच्या विम्याची रक्कम नव्या बांधकामाला पुरी पडणारी नव्हती. उतारवयात नवे कर्ज कोण काढणार? अशी मंडळी इतरत्र स्थायिक झाली. इमारतींना देणग्या मिळाल्या, सरकारी मदत मिळाली, देशभर कौतुक झाले. पण गेलेली निम्मी माणसे अद्याप परतलेली नाहीत. गौरवपर लेखांत हा आकडा बहुधा शेवटी, ओझरता येतो. हिशेब पाहण्याची सवय असलेल्या माणसाने तो आधी पाहावा.

विहिरीवरील संग्रहालयही वादळात गेले होते. २०१२ मध्ये ते नव्याने उघडले. तिथे वादळाची हकीकत मांडली आहे, आणि ढिगाऱ्यातून सुखरूप निघालेला तो हजार पौंडांचा उल्कापाषाणही पाहता येतो. गोल जिन्याने विहिरीत उतरले की १८८८ चे दगडी बांधकाम समोर येते. वादळाने त्याला धक्का लावला नव्हता.