डोळे मोजा, माणूस गाळू नका

ट्रकचालकांच्या नेत्रतपासणीचा विषय काढला की दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. वाहतूक व्यवसायातली मंडळी म्हणतात, 'वीस-वीस वर्षं घाट चढले-उतरलेले लोक आहेत हे. त्यांना तक्त्यावरची अक्षरं कसली वाचायला लावता?' आणि एखादा भीषण अपघात झाला की बाकीचे आपण म्हणतो, 'नजर अधू असलेल्या प्रत्येकाचं लायसन्स काढून घ्या.' मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि एकाच कारणाने. चालकाला नेमकं किती दिसतं हे मोजण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की मोजमाप आजच्यापेक्षा पुष्कळ कडक हवं आणि त्यावरचा निर्णय आजच्यापेक्षा पुष्कळ उदार हवा.

आज काय चालतं ते आधी पाहू. मालवाहू गाडीसाठी 'ट्रान्सपोर्ट' लायसन्स काढायचं किंवा त्याचं नूतनीकरण करायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे फॉर्म १-ए लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टरने भरायचा असतो. त्यात दृष्टीबद्दलचे प्रश्न मोजकेच आहेत. दृष्टिदोष आहे का आणि तो चष्म्याने दुरुस्त झाला आहे का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, आणि चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का. उत्तर 'हो' किंवा 'नाही', तेही डॉक्टरांच्या मते. उजव्या डोळ्याची नजर किती, डाव्याची किती, हे आकड्यात लिहायला त्या कागदावर जागाच नाही. नवल म्हणजे चालकाने स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये हाच नंबरप्लेटचा प्रश्न प्रत्येक डोळ्यापुरता वेगळा विचारलेला आहे. म्हणजे ज्याच्याकडे मोजायचं साधन नाही त्याला सूक्ष्म प्रश्न, आणि ज्याच्याकडे साधन आहे त्या डॉक्टरला ढोबळ.

निकष म्हणून नंबरप्लेट वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर नियमानुसार ६५ मिलिमीटर उंचीचं असतं. ते २५ मीटरवरून वाचायचं तर नजर ६/१२ पेक्षा थोडी चांगली लागते. ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला जे १२ मीटरवरून वाचता येतं ते वाचायला ६ मीटरवर यावं लागणं. जगातल्या बऱ्याच देशांचे निकष याच आसपास घुटमळतात. अडचण पुढे आहे. २५ मीटर म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होणारं अंतर. कुठल्या दवाखान्याची खोली एवढी लांब असते? चालकाला रस्त्यावर नेऊन, एक डोळा झाकून प्लेट वाचायला लावणारे डॉक्टर असतीलही, पण आरटीओच्या परिसरात थोडा वेळ काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे की चालकाचं तोंडही न पाहता सही झालेली प्रमाणपत्रं एजंटकडून मिळतात. शिवाय निकषच 'चांगल्या उजेडात'ला आहे, आणि ट्रक धावतात रात्री.

आता अनुभवाचा मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. कसारा घाटातलं कुठलं वळण कसं अंगावर येतं, पावसात कुठे चिखल उतरतो, कुठल्या नाक्याला दुचाक्या आडव्या घुसतात, हे मुरलेल्या चालकाला डोळे न ताणता कळतं. कमी झालेली नजर तो सवयीने भरून काढतो. पण सवय भरून काढते ती नेहमीच्या गोष्टी. अपघात होतो तो रोज नसलेल्या गोष्टीशी. दिवे बंद होऊन मधल्या लेनमध्ये उभा राहिलेला कंटेनर. गळीत हंगामात मागे रिफ्लेक्टर नसलेली, उसाने लादलेली ट्रॉली. महामार्गावर बसलेली जनावरं. हे डोळ्यालाच दिसावं लागतं, आणि वेळेत दिसावं लागतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर कापते. ६/६ नजरेला जो फलक १०० मीटरवरून वाचता येतो, तो ६/१२ नजरेला ५० मीटरवर येतो. मधले सव्वादोन सेकंद गेले. वीस-पंचवीस टन माल मागे असताना ते सव्वादोन सेकंद अनुभव कुठून आणणार?

त्यातून, नजर जाते ती हळूहळू, आणि ज्याची जाते त्याला कळत नाही. चालकांसाठीचं नेत्रशिबिर पाहिलेल्या कुणालाही एक प्रसंग ओळखीचा असेल. पन्नाशी ओलांडलेला चालक तक्त्यासमोर स्टुलावर बसतो. दोन्ही डोळे उघडे असताना खालून दुसरी ओळ धडाधड वाचतो. डावा डोळा तळहाताने झाकला तरी तीच ओळ वाचतो. मग उजवा झाकायला सांगतात. वरचं सगळ्यात मोठं अक्षर येतं, त्याच्या खालचं कसंबसं, आणि तो थांबतो. हात काढून पुन्हा तक्त्याकडे बघतो, तक्ता बदलला तर नाही ना म्हणून. 'कधीपासून असं?' विचारलं की म्हणतो, 'आत्ताच कळतंय, डॉक्टर.' आणि थोड्या वेळाने, जरा चाचरत, 'रात्री समोरच्याने अप्पर मारला की दोन क्षण नुसता पांढरा उजेड दिसतो. पण ते सगळ्यांनाच होतं ना?' सगळ्यांना तेवढं होत नाही, काका. तो मोतीबिंदू आहे. हा माणूस बेफिकीर नाही, खोटंही बोलत नाही. डावा डोळा एकट्याने वापरून पाहा असं त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दर वेळी त्याच्या फॉर्मवर 'हो' लिहिलेलं होतं.

काचबिंदूचं तर याहून वाईट. त्यात समोरची नजर शेवटपर्यंत चांगली राहू शकते आणि कडेची आधी जाते. असा चालक नंबरप्लेट बिनचूक वाचेल, तक्ताही वाचेल. पण डावीकडून बंपरच्या कडेला आलेली सायकल त्याला दिसणार नाही. आपल्या फॉर्ममध्ये दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे न वळता कडेचं किती दिसतं याचा, एकही प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये लॉरीचालकासाठी चांगल्या डोळ्याला ६/७.५ आणि अधू डोळ्याला किमान ६/६० ही अट आहेच, शिवाय आडवं दृष्टिक्षेत्र किमान १६० अंश लागतं. 'डावी बाजू क्लीनर बघतो' असं पूर्वी म्हणता यायचं. आता किती मालक क्लीनर देतात?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. तो असा, की अपघात होतात वेगाने, दारूने, झोपेने आणि खराब रस्त्यांनी. नजरेचा वाटा नगण्य आहे, सरकारी तक्तेच पाहा. मी तक्ते पाहिले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. नियमभंगानुसार वर्गवारी केलेल्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, उलट्या बाजूने वाहन चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि 'इतर' असे रकाने आहेत. नजरेचा रकाना त्यात नाही. कसा असेल? अपघातानंतर फिर्याद लिहिली जाते ती 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' या ठराविक शब्दांत, कारण कलम तेच मागतं. चालकाची दारूची चाचणी होते, डोळ्यांची होत नाही. दिसलंच नाही म्हणून ब्रेक उशिरा दाबला, हे त्या कागदावर 'भरधाव' म्हणूनच उतरतं. विचारलंच नाही त्याचा आकडा शून्य येणार, आणि त्या शून्याचा पुरावा म्हणून उपयोग करणं हा शुद्ध तर्कदोष आहे. झोप, वेग आणि दारू यांचा वाटा मोठा आहे यात मला शंका नाही. पण थकलेल्या माणसाला अधू डोळ्यांनी गाडी चालवायला लावली तर थकवा आणि नजर एकमेकांना सांभाळून घेत नाहीत, दोन्ही मिळून घात करतात.

'तपासणी कडक केली तर आधीच चालक मिळत नाहीत, धंदा बसेल' हा तिसरा आक्षेप. याला थोडक्यात उत्तर देतो. दूरच्या नजरेचे बहुतेक दोष चष्म्याने जातात. मोतीबिंदूचं ऑपरेशन राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात मोफत होतं, आणि हा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तपासणीमुळे चालक कमी होणार नाहीत, दिसणारे चालक वाढतील. मात्र शिबिरात चाळिशीचे तयार चष्मे वाटून आकडा फुगवू नये. त्या चष्म्याने बिल्टी वाचता येते, रस्ता उलट धूसर होतो.

राहिला दुसऱ्या टोकाचा मुद्दा, सरसकट बंदीचा. आपल्याकडे कायद्याने ती आहेच. पाच वर्षं लायसन्स असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर फॉर्म १ च्या शब्दांप्रमाणे हलकं, बिगर-ट्रान्सपोर्ट वाहन चालवण्यापुरती सूट मिळते. ट्रकचालकाला नाही. मग होतं काय? डोळा गेलेला चालक तो लपवतो. लपवणं सोपं, कारण मोजणी नाही. बंदी कडक आणि तपासणी ढिली, या जोडीतून एवढंच निष्पन्न होतं: ज्याच्या डोळ्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं तोच डॉक्टरपासून लांब पळतो.

अमेरिकेने हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे, कारण तो एका दिवसात सुटला नाही. तिथे आंतरराज्य ट्रकचालकाला प्रत्येक डोळ्याला स्वतंत्रपणे त्यांच्या मोजणीत २०/४०, म्हणजे आपलं ६/१२, प्रत्येक डोळ्याचं आडवं क्षेत्र किमान ७० अंश आणि सिग्नलचे लाल, हिरवा, पिवळा हे रंग ओळखता येणं अशी अट होती. एका डोळ्याने अधू असलेले पण वर्षानुवर्षं सुरक्षित गाडी चालवणारे लोक बाहेर फेकले जात होते. १९९२ मध्ये त्यांच्यासाठी सवलतीची योजना निघाली. पुरेशी माहिती हाताशी नसताना ती काढली म्हणून १९९४ मध्ये न्यायालयाने ती अडवली. एका डोळ्याने अधू असलेल्या चालकाचा अल्बर्टसन्स या किराणा कंपनीबरोबरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये निकाल चालकाच्या विरोधात लागला. तोवर १९९८ च्या कायद्याने सवलतीची वाट पुन्हा उघडली होती. एकेका चालकाचा अर्ज, एकेकाची तपासणी, एकेकाची नोंद असं वर्षानुवर्षं चाललं. त्या अनुभवाच्या आधारावर २०२२ च्या जानेवारीत नवा नियम आला आणि मार्चपासून लागू झाला. आता चांगल्या डोळ्याला ६/१२ आणि ७० अंश क्षेत्र असेल, दोष स्थिर असेल, माणूस त्याला सरावलेला असेल, नेत्रतज्ज्ञाचा किंवा ऑप्टोमेट्रिस्टचा लेखी अहवाल असेल, तर त्याला प्रमाणपत्र मिळू शकतं. रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते, आणि प्रमाणपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचं. दोन्ही डोळे ठीक असलेल्यालाही ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. त्यांना बंदी सैल करता आली, कारण मोजणी पक्की होती. आपण उलट्या क्रमाने जाऊ शकत नाही.

आपल्याकडची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीने ट्रान्सपोर्ट लायसन्स तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचं झालं, धोकादायक माल वाहणाऱ्याचं एकाऐवजी तीन वर्षांचं. चालकाच्या खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं. पण डोळ्यांची तपासणी त्याच कागदाला बांधलेली असल्यामुळे तीही लांबली. पन्नाशीतल्या मधुमेही माणसाच्या डोळ्यांत पाच वर्षांत काय काय होऊ शकतं हे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा. त्याच वेळी गाडीचं पासिंग मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. त्यात हेडलाइटचा झोत कुठे पडतो हेसुद्धा तपासतात. तो झोत बघणारे डोळे पाच-पाच वर्षं कुणी बघत नाही.

म्हणून फॉर्म १-ए बदला. दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी, चष्म्यासह आणि चष्म्याविना, आकड्यात लिहायला लावा. ती ६ मीटरच्या तक्त्यावर मोजता येते, त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. कडेचं दृष्टिक्षेत्र समोरासमोर बसून बोटं हलवून दोन मिनिटांत चाचपता येतं. शंका आली तर पुढच्या तपासणीला पाठवा. लायसन्सची मुदत पाचच वर्षं ठेवा, पण पंचेचाळिशीनंतर आणि मधुमेह असेल तर त्याआधीही डोळ्यांचा कागद दरवर्षी मागा. मोजमापात कमी पडलेल्याला 'अपात्र' असा शिक्का मारून घरी पाठवू नका. त्याला चष्मा, ऑपरेशन आणि पुन्हा तपासणीसाठी मुदत द्या, आणि त्या काळात त्याची नोकरी जाणार नाही असा नियम करा. एक डोळा गेलेल्यासाठी नेत्रतज्ज्ञाचा अहवाल, रस्त्यावरची चाचणी आणि दरवर्षीची फेरतपासणी असा उघड मार्ग ठेवा. २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सची दारं उघडून केंद्राने हे तत्त्व एकदा स्वीकारलेलंच आहे.

चष्मा लावला की शेठ म्हणतो 'म्हातारा झालास', ही भीती चालक बोलून दाखवतात. ती खोटी ठरवणं मालकांच्या हातात आहे, त्याला सरकारी अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. वाहतूकदार बंधूंनो, पुढच्या वेळी गाडी पासिंगला पाठवाल तेव्हा चालकालाही त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. त्या दिवसाचा पगार कापू नका आणि चष्म्याचं बिल तुम्ही भरा.